सासरा भारी की जावई

लोकांच्या घरी जेवताना शेतीवरून नाहीतर निवडणुकीवरून वाजतं. आमच्याकडे हेवीवेट बॉक्सरांवरून वाजतं. माझे बाबा अकोल्याचे जुने हेवीवेट. नवरा अमरावतीला पोलिसात, तोही हेवीवेट. हे स्थळ बाबांनीच आणलं. तोलामोलाचा जावई पाहिजे, असं सगळेच बाप म्हणतात, आमच्या बाबांनी ते वजनकाट्यावर घेतलं.

दोघं जमले की मोबाइल काढतात आणि परदेशातल्या लढती एकमेकांना दाखवतात. बाबा म्हणतात, "आमच्या वेळचे पायानं लढत. आताचे नुसते डोंगर. उभे राहून राहिले अन् धापा टाकून राहिले." नवरा म्हणतो, "मामा, तुमच्या वेळचा कोणताही आणा. या डोंगरापर्यंत त्याचा हात पोचला तर सांगा." वेगवेगळ्या काळातली माणसं एका रिंगणात येत नाहीत, त्यामुळे हे भांडण मिटत नाही, आणि म्हणूनच दोघांना गोड लागतं. मलाही लागायचं. यंदाच्या धोंड्याच्या महिन्यात मात्र ते माझ्या जिवावर आलं.

त्याच्या थोडं आधी बाबांना डाव्या बाजूचं दिसेनासं झालं होतं. मीच त्यांना डॉक्टरकडे नेलं. डोळ्याचा पडदा सुटायला लागलाय, ऑपरेशन लवकर करा आणि तोवर डोक्याला धक्का लागू देऊ नका, नाहीतर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाबांनी बाहेर आल्यावर माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला. "कोनाले सांगू नोको. तुया आईले नाई, जवायाले तर नाईच. धोंडा होऊ दे, मंग पाहू." बाबा हॉलवर पोरांना बॉक्सिंग शिकवतात, ती पोरं आंधळा उस्ताद म्हणतील, ही त्यांची भीती. मला संताप आला, पण बापाच्या डोक्यावर हात ठेवलेला. गप्प बसले.

धोंड्याला आम्ही अकोल्याला गेलो. आमच्याकडे जावयाचा मान मोठा. सासरा कितीही दांडगा असो, जावयाला पाटावर बसवून त्याचे पाय तो स्वतः धुतो आणि पाया पडतो. बाबा परातीसमोर बसले, तांब्या घेतला. नवऱ्याच्या एका पायावर पाणी पडलं, दुसऱ्या पायाची धार परातीबाहेर सतरंजीवर गेली. आई म्हणाली, "अवं माय, सतरंजी भिजवली! ध्यान कुठी हाय तुमचं?" बाबा हसले आणि ओल्या हातानंच पाय चाचपून पुसले. मी पुरणाचे धोंडे वाढायच्या निमित्तानं आत गेले, कारण माझं तोंड मला सांभाळता येत नव्हतं.

संध्याकाळी सगळे हॉलवर. पत्र्याचं छत, मधे रिंगण, भिंतीला टांगलेल्या पिशव्या. याच हॉलमध्ये मी लहानाची मोठी झाले. मेंदी लावलेल्या दाढीचे चाचा, बाबांचे जुने दोस्त, तिथे थाळी वाजवून राउंड सुरू करतात आणि बंद करतात. आमच्या भागात हलक्या वजनाची पोरं ढिगानं मिळतात, हेवीवेटला मात्र जोड मिळत नाही. बाबांनी उभं आयुष्य पिशवीशी लढून काढलं, नवऱ्याचंही तेच. त्यामुळे आपल्या वजनाची ही दोन माणसं सासरा-जावई म्हणून एकत्र आली, तेव्हापासून त्यांना लढवून पाहायची हॉलवाल्यांना खाज होती.

चाचांनीच काडी टाकली. "अरे कितने साल सुनके राहिलो, हा भारी का तो भारी. आज फैसला होऊन जाऊ द्या!"

बाबा लगेच उठले. "दोन राउंड. या जवाईबापू."

आई असती तर धोंड्याच्या जावयाच्या अंगावर कोणी हात टाकतं काय, म्हणून तिनं हॉल डोक्यावर घेतला असता. ती घरी होती. मी नवऱ्याकडे पाहिलं. नाही म्हणा, नाही म्हणा, असं मनात घोकत होते. तो हॉलमधल्या पोरांकडे एकदा बघून म्हणाला, "द्या ग्लोव्हज." त्या क्षणी मला त्याचा राग आला. सासऱ्याला हरवायची एवढी हौस?

थाळी वाजली. बाबा खरंच सुंदर लढतात, साठी उलटली तरी पाय हलके. पहिल्याच राउंडला त्यांनी नवऱ्याचं नाक फोडलं. पोरं ओरडायला लागली. नवऱ्यानं रक्त पुसलं, आणि त्याचा उजवा खांदा मागे गेला. तो खांदा मी ओळखते. त्यानंतर काय येतं, ते मी स्पर्धांमध्ये पाहिलंय. बाबांचा डावा डोळा उघडा होता आणि त्या बाजूनं येणारं त्यांना काहीच दिसत नव्हतं. ठोसा आला, पण बरगड्यांवर.

दुसऱ्या राउंडला बाबांनी त्याला डिवचलं. हात खाली सोडले, डोकं पुढे केलं. "डोकं मोकळं हाय! मार ना! काहून मारत नाई? तुमच्या काळात डोक्यात मारत नाईत काय?" पोरं हसली. नवऱ्याचा चेहरा लाल झाला.

बस झालं, असं मी ठरवलं. शपथ गेली खड्ड्यात, बापाचा डोळा मोठा. मी दोरीला धरून वर चढले, "बाबा" असं तोंडातून निघालंही. तेवढ्यात नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. अगदी जराशी, नको म्हणून. ती मान हलवताना त्याचा गार्ड सुटला, आणि बाबांचा डावा हुक त्याच्या जबड्यावर बसला. एवढा मोठा माणूस गुडघ्यावर आला. चाचांनी आकडे मोजले, तो वेळेत उठला नाही. पोरांनी बाबांना खांद्यावर घेतलं. जुना काळ भारी ठरला. मी दोरी धरून तशीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी गाडीनं अमरावतीला परतताना मूर्तिजापूर मागे पडलं. मग मीच विचारलं, "मान काहून हलवली होती तुमी?"

"तू सांगून टाकशीन म्हणून. सगळ्याईसमोर."

"काय सांगून टाकीन?"

"डोळ्याचं." त्यानं गाडी चालवतानाच सांगितलं. "पाय धुताना डाव्या हाताकडचा पाय त्याईले दिसलाच नाई. समोरच्याले कुठून दिसत नाई, हेच तर आमी पाहतो ना. नाई म्हटलं असतं, तर त्याईनं दुसऱ्या कोण्या पोराले उभं केलं असतं. त्यानं डोक्यात मारलं असतं."

"अन् तुमचाच चुकून लागला असता म्हणजे?"

"चुकून लागू नये म्हणूनच तर मार खाल्ला."

मला एकदम रडू आलं. काल संध्याकाळपासून मनातल्या मनात मी या माणसाला काय काय बोलले होते.

घरी पोचतो न पोचतो तोच बाबांचा फोन. नेहमीचा विजयी आवाज नव्हता. "डोक्यात एकही नाई मारला त्यानं. तूनं सांगतलं होतं काय त्याले?"

"नाही बाबा. त्यांनी स्वतःच ओळखलं. पाय धुताना."

बाबा म्हणाले, "म्हंजे त्यानं मले सोडलं. अन् मी गावभर मिरवून राहिलो."

बाबांचा असा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. नवऱ्यानं फोन माझ्या हातातून घेतला. त्याचा जबडा सुजला होता, बोलायलाही दुखत होतं. "मामा, डोक्यात मारलं नाई, ते मी ठरवलं होतं. पण खाली बसलो ते नाटक नाई. आईची शपथ. उठायचं होतं, पायच उठले नाईत. तुमचा हात लय जड हाय."

पलीकडे बाबा हसले की रडले ते मला कळलं नाही. फोन परत माझ्याकडे आला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ऑपरेशनचं पाह्य बापा. उद्याच्या गाडीनं येतो. अन् जवाईबापूले म्हन, स्टँडवर डाव्या बाजूनं हात दाखवू नोका, मले दिसनार नाई."