ज्येष्ठमधाचा थर्मास

अब्बा रत्नागिरीला दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते. पोटात जळजळलं की आई त्यांना ज्येष्ठमधाची काडी चघळायला द्यायची आणि ते तसेच दर्यावर जायचे. डॉक्टर परवडत नव्हता. त्या घरातून मी बी.एस्सी. झालो, खानदानातला पहिला, आणि नव्वदचं दशक संपता संपता कतारमध्ये रास लफानच्या गॅस प्रकल्पात लॅब टेक्निशियन म्हणून लागलो.

दोन वर्षांत माझंही पोट जळू लागलं. कंपनीत सांगितलं तर मेडिकलमध्ये अनफिट करतील, या भीतीनं मी दोह्यात एका इराणी हाजींच्या जडीबुटीच्या दुकानात गेलो. त्यांनी ज्येष्ठमध, बडीशेप, पुदिना बांधून दिला. "मेदा, पेट, कमजोर है. पंद्रह दिन पीना. फिर खलास, बंद!"

आराम पडला. मी तो काढा सात महिने प्यायलो.

आधी पाय सुजले. मग जिना चढताना मांड्या गळू लागल्या. वाटलं, दवा कमी पडतेय. काढा दुप्पट केला.

एका सकाळी बसच्या पायरीवर पायच उचलेना. हॉस्पिटलात रक्त तपासलं. सुदानी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हायपोकॅलेमिया." म्हणजे रक्तातलं पोटॅशियम घटलेलं, या क्षारावर स्नायू चालतात, हृदयही. बीपीही भलतंच वाढलेलं.

"जडीबुटी काही घेता?"

"नाही," मी म्हणालो. शिकलेल्या माणसानं काढ्याचं नाव कसं काढायचं?

तीन दिवस सलाईनमधून तो क्षार चढवला. पोटॅशियम वर येईना. रूममेट हुसेन रोज भेटीच्या वेळेला काढ्याचा थर्मास आणायचा. "घे बीएस्सी, तुझा दारूगोळा!" मी चादरीआड प्यायचो.

"आम्ही भरतोय, ते जातंय कुठे?" डॉक्टर स्वतःशीच बोलल्या. तेवढ्यात मॉनिटर किंचाळला. माझे ठोके अडखळत होते. त्या वाकल्या, हलक्या आवाजात म्हणाल्या, "हृदय थांबू शकतं."

मी उशीमागचा थर्मास काढून दिला.

त्यांनी झाकण उघडून वास घेतला. "ज्येष्ठमध फार दिवस घेतला की शरीर पोटॅशियम लघवीतून फेकून देतं." हाजींनी पंधराच दिवस सांगितलं होतं. चूक माझी होती.

काढा बंद झाला, पोटॅशियम वर आलं. मग एंडोस्कोपी झाली, म्हणजे नळीतून जठर पाहणं. अल्सर निघाला, गोळ्यांनी बरा झाला. नोकरीही राहिली.

तुम्ही काही घेत असाल, घरचं, आईनं दिलेलं असलं तरी, डॉक्टरला सांगा. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

सुट्टीत गावी गेलो. अब्बांना हाताला धरून रत्नागिरीच्या डॉक्टरकडे नेलं. वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांचं पोट पहिल्यांदा तपासलं गेलं.