आडवी आली, चालत गेली

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या सुमारास डॉ. वामनराव पांढरकवड्याजवळच्या आमच्या वीस खाटांच्या दवाखान्यात आले. मी, गुलाबराव, तिथला कारकून. चहाच्याही आधी त्यांनी मृत्यूची वही मागितली. ती भलतीच जाड होती. सगळे उपाय थकल्यावरच माणसं रोग्याला आमच्याकडे आणत, आणि "तिथं गेला तो गेलाच," असंही तीच म्हणत.

नव्या साहेबांची अब्रू राखावी म्हणून मी अतिशहाणपणा केला. आशा सुटलेला रोगी दिसला, की व्हरांड्यातच नातेवाइकांना म्हणायचो, "घरी न्या." घरी मेलेला आमच्या वहीत येत नसे. मृत्यू कमी झाले आणि मी खूश!

एका दुपारी तांड्यावरून सोनीबाईंना बैलगाडीतून आणलं. दोन दिवस अडलेल्या. त्यांचे सासरे तांड्याचे नायक; मी त्यांना तेच सांगितलं. ते गाडी वळवत होते, तोच डॉक्टरसाहेब बाहेर आले.

"काहून परत चालले, नायक?"

"हे बाबू म्हनते, घरी न्या. मले वाटलं, तुमीच सांगतलं."

साहेबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "गुलाबराव, स्ट्रेचर धरा."

दोन तासांनी आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. "दोघीही ठीक आहेत," असं साहेबांनी सांगितलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. व्हरांड्यातच मी रडलो.

साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, "माझं नाव राखलंत, पण तिचा जीव?" मग त्यांनी सगळ्या रोग्यांच्या वहीत नवा रकाना आखायला लावला: रोगी आडवा आला की चालत, आणि गेला कसा? त्यातूनच चालत आलेले दोघे टाके पिकून दगावल्याचं ध्यानात आलं. "हे दोघे माझे," असं म्हणून त्यांनी तिथं स्वतः सही केली. तेव्हापासून हत्यारं उकळेपर्यंत ते चुलीपाशी उभे राहतात.

आता कोणालाच परत पाठवत नसल्यानं मृत्यूंचा आकडा पुन्हा वाढला. पुढे "इथं माणसं फार मरतात" म्हणून साहेबांची बदली करायला एक अधिकारी आले. त्यांनी तो रकाना पानोपानी वाचला, दगावलेले बहुतेक आडवेच आलेले दिसले, सह्याही पाहिल्या, आणि बदलीचा कागद न काढताच परतले. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

साहेबांच्या साठीच्या समारंभाला सोनीबाई लेकीला घेऊन तांड्यावरून पायी येणार आहेत. त्यांच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: "आडवी आली, चालत गेली." मी परत पाठवलेल्यांची नावं मात्र कुठल्याच वहीत नाहीत. साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आमच्या दारातून पुन्हा कोणाची गाडी न वळो.