काकूंच्या मिटल्या पापण्या

सर तोंडावर बोट ठेवायचे आणि कुजबुजायचे, “थांबा, तो स्वप्न बघतोय.”

‘तो’ म्हणजे पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या सोसायटीचा कुत्रा, काळू. भरदुपारी जिन्याच्या तोंडाशी आडवा पसरून झोपेत पाय झाडायचा. तुमच्या सोसायटीतही असेल असा एखादा. वॉचमन काठी घेऊन आला की सर मध्ये पडायचे. “भैया, अभी मत उठाओ. सपने में दौड़ रहा है.” तोवर आम्ही भाजीच्या पिशव्या घेऊन ताटकळायचो.

सर आमचे शेजारी, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ग्रिलवरचं कबुतर एक डोळा उघडा ठेवून झोपतं, तेव्हा त्याचा अर्धा मेंदू जागा असतो, हे त्यांनी मला चहा गार होईपर्यंत समजावलं होतं.

“आमच्या ऑफिसात सगळे असेच झोपतात,” मी म्हटलं.

“त्यांचे दोन्ही डोळे उघडे असतात,” सर म्हणाले.

हे वेड कशापायी, ते मला उशिरा कळलं. त्यांच्या बायकोची, काकूंची, स्मृती गेली होती. रात्रभर जाग्या, दुपारी गाढ झोपलेल्या. “हिचं घड्याळ घुबडाचं झालंय,” सर हसून सांगायचे. जागेपणी काकू त्यांना कंपाउंडर समजायच्या. सरही निमूटपणे “गोळी घ्या, बाई” म्हणायचे.

एकदा दुपारी मी खीर द्यायला गेले, तर सर झोपलेल्या काकूंच्या पापण्यांकडे टक लावून बसले होते. पापण्यांखाली बुबुळं हलत होती.

“काळूचं आणि आपलं यात सारखंच,” ते हळूच म्हणाले. “मेंदू आत काहीतरी बघतोय. मी असेन का गं त्यात?”

“असणारच, सर.”

“ही झोपेत एकदा तरी बोलायला हवी होती.” ते रोज दुपारी तसेच बसायचे. काकू कधी बोलल्या नाहीत.

गेल्या वर्षी सर अचानक गेले. आता त्यांची मुलगी इथे राहते. ती बाहेर गेली की मी काकूंपाशी बसते. फार आठवण येते सरांची त्या घरात.

परवा दुपारी काकूंच्या पापण्या हलायला लागल्या. मग त्यांचा हात पलंगाच्या रिकाम्या बाजूला गेला, कुणाला तरी ढकलावं तसा. आणि नेहमीच्या संसारी, किंचित वैतागलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, “अहो, तिकडे व्हा ना जरा.”

सरांना हाक मारायला मी तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.