लाल गाडीचा जड क्लच

आमच्या ह्यांना कुणी ‘गाडी विकून टाका’ म्हटलं की आधी कान लाल व्हायचे, मग तोंड सुटायचं. गाडी म्हणजे त्यांची ती लाल स्पोर्ट्स कार. दोनच माणसांची, कापडी टप मागं दुमडणारी, बसायला गेलं की जमिनीवर मांडी घातल्यासारखं वाटणारी. श्रीरामपुरात पाण्याच्या मोटारींचं दुकान चालवणाऱ्या माणसाला असली गाडी कशाला हवी होती, हे वीस वर्षांत मला नीट कळलेलं नाही. मुंबईच्या कुणा हौशी माणसाकडून जुनीच घेतली. घरी आणली तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “दोघं बसले, मग बाकीच्यांनी काय टपावर बसायचं? आन् टप तर हिला न्हाईच!”

हौसेला मोल नाही म्हणतात, ते खरंच आहे. त्यांनी ती गाडी पोरीसारखी जपली. आणि आमची खरी पोर मोठी झाली, पुण्यात नोकरीला लागली, आणि गेल्या दसऱ्याला तिनं काय घ्यावं? त्याच कंपनीची, त्याच नावाची, पण नव्या पिढीची निळी गाडी. बापाचं खूळ लेकीत उतरलं, दुसरं काय.

दसऱ्याच्या रात्री जेवताना तिनं हळूच विषय काढला. ह्यांचा डावा गुडघा गेलेला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, आणि हे आपले ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतात. कुठल्या दिवाळीनंतर ते सांगत नाहीत. लाल गाडीचा क्लच डाव्या पायानं दाबायचा आणि तो भारी जड. निळीला क्लचच नाही, गिअर आपले आपण पडतात. लेक म्हणाली, “पप्पा, नाशिकला एक जण जुन्या गाड्या जपून ठेवतात. लाल त्यांना देऊ. मी येईन तेव्हा तुम्ही माझी चालवा.”

कान लाल झाले. पण ओरडले नाहीत. वरणभात कालवता कालवता म्हणाले, “उद्या शिर्डीला तुझ्या गाडीची पूजा करू, तिथून भंडारदऱ्याला जाऊ. धरणाला वळसा घालून मी लाल गाडी राजूरला परत आणली, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही जमलं, तर सोमवारी बोलाव तुझ्या नाशिकवाल्याला.”

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा. मी तेव्हा मनातून लेकीच्या बाजूनं होते, हे सांगून टाकते.

शिर्डीत ह्यांनी फुलवाल्याकडून दारावर लावतात तसला झेंडूचा जाडजूड हार घेतला आणि निळीच्या तोंडाला या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधला. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, लेकीनं गाडी सुरू केली आणि जी बोंब सुरू झाली! टीं टीं टीं टीं. पडद्यावर सगळं लालेलाल. समोर काहीतरी आडवं आलंय, असं गाडीचं म्हणणं. लेक घाबरून उतरली, पुढं बघितलं, कुणी नाही. फुलवाला पण वाकून चाकाखाली बघून आला. शेवटी तिच्या ध्यानात आलं, की गाडीचे डोळे तोंडात असतात आणि पप्पांनी त्यांच्यावर झेंडू बांधलाय. हार काढून मागच्या काचेला लावला तेव्हा ती शांत झाली.

“माझ्या गाडीला फुलं कळतात बरं का,” हे मिशीत हसत म्हणाले.

“तुमच्या गाडीला काहीच कळत नाही पप्पा, म्हणून गप्प असते ती,” लेक म्हणाली.

अकोले गाव येईपर्यंत मी निळीत बसले. खोटं कशाला बोलू, सुख होतं. पाठीला गार वारा सोडणारी सीट, आत शांतता अशी की शेजारचा माणूस कुजबुजला तरी ऐकू यावं. संगमनेर कधी गेलं कळलं नाही. फक्त गावोगावचे स्पीडब्रेकर आले, की लेक श्वास रोखून गाडी तिरकी घालायची आणि तरी खालून खर्रकन् आवाज यायचा. ह्यांची लाल आमच्या गॅरेजवाल्यानं स्प्रिंगांखाली रबर घालून वर उचललीय. ते पुढं बिनघोर टणाटण उड्या मारत चालले होते.

अकोल्यात चहा झाल्यावर मी लालमध्ये जाऊन बसले. घाटात त्यांच्याजवळ असावं, असं वाटलं. तिच्यात बसलं की पेट्रोलचा वास, पायाखालून धग, केसांची दैना. बोलायचं तर ओरडून. पण गाडी काय करतेय ते सगळं अंगाला कळतं. चढ आला की ती कण्हते, उतार आला की मोकळी होते. राजूर सोडलं, बाजूनं भाताची खाचरं पिवळी पडायला लागलेली, बांधावर सोनकी फुललेली. मी म्हणणार होते, बघा तरी. आणि ह्यांच्याकडे बघितलं.

पहिलं तीव्र वळण आलं. गिअर बदलायला डावा हात गिअरवर गेला. आणि उजवा हात त्यांनी स्टिअरिंगवरून काढला आणि स्वतःचा डावा गुडघा खाली दाबला. पाय स्वतःच्या जोरावर क्लच दाबतच नव्हता. हातानं ढकलावा लागत होता. तेवढा वेळ स्टिअरिंगवर एकही हात नव्हता, बाजूला दरी.

मी किंचाळले, “अहो! काय करताय!”

“ओरडू नको,” ते दातओठ खात म्हणाले. “मागून लेक बघतेय.”

कपाळावर घाम. रागावू की रडू, मला कळेना. पुढची वळणं त्यांनी गिअर न बदलता काढली, गाडी गचके खात, धापा टाकत चढली. मी आपली दाराची मूठ धरून, देवाचं नाव घेत. शेंडीत धरणाजवळच्या टपरीपाशी थांबलो तेव्हा जीव भांड्यात पडला.

लेक उतरून आली. “काय आई? कशी चालवली पप्पांनी?”

हे माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, पाण्याचा तांब्यासुद्धा हुकूम दिल्यासारखा मागायचे. तेव्हा मात्र डोळ्यांनी मागत होते. मला फार वाईट वाटलं. पण मरणाच्या दारात कुणी मर्जी राखतं का?

“नाही जमत त्यांना,” मी म्हटलं. “हातानं पाय दाबून चालवतायत. पुढं नाही चालवायची.”

त्यांनी चहाचा कप तसाच बाकड्यावर ठेवला आणि धरणाकडे पाठ करून गाडीकडे बघत बसले. लेकीचे डोळे भरले. तिला जिंकायचं होतं, पण असं नव्हे. “नाशिकला फोन करू का?” तिनं मला बारीक आवाजात विचारलं.

मला कुठून राग आला कोण जाणे. “थांब गं,” मी म्हटलं. “वळसा गाडीनं घालायचा ठरलाय ना? मी घालते. किल्ली आणा इकडं.”

“तुला नाही जमायचं,” हे सवयीनं बोलून गेले. वीस वर्षं हेच ऐकत आलेय. घरची छोटी गाडी मी रोज बाजारात नेते, पण लालला हात लावायचा नाही. “क्लच जड आहे तिचा.”

“जड? मी बेलापूरची पोर आहे. लग्नाआधी बापाच्या ट्रॅक्टरवर उसाच्या ट्रॉल्या ओढल्यात. त्याच्या क्लचवर उभं राहावं लागायचं. तुमच्या खेळण्याचं कौतुक मला सांगू नका.”

टपरीवाली बाई चहा ओतायची थांबली. ह्यांनी किल्ली दिली.

पहिल्याच झटक्याला गाडी बंद पडली. दुसऱ्यालाही. टपरीवाली ओरडली, “मावशी, दमानं सोडा की पाय! घाई न्हाई कुनाला!” तिसऱ्यांदा ती निघाली, आणि मागून बाई म्हणाली, “लई भारी!”

मुतखेलच्या वळणावळणाच्या रस्त्यानं रतनवाडीकडे निघालो. मागं निळी, बिनआवाजाची. हे डाव्या सीटवर अवघडून बसलेले. मी गिअर बदलला की त्यांचा डावा पाय नुसत्या पत्र्यावर दाबला जायचा, आणि दुखलं की चेहरा आक्रसायचा. “दुखतंय ना, मग कशाला दाबताय?” मी म्हटलं. “आपोआप जातो,” ते म्हणाले.

थोड्या वेळानं पाय थांबला. झाडी सरली आणि बाजूला धरण पसरलं, काठोकाठ, पलीकडं डोंगर. हे बाहेर बघत राहिले. “अगं,” म्हणाले, “इथून एवढं पाणी दिसतं?”

“कितीदा आलोय आपण इथं!”

“मी रस्ता बघायचो. तू बघितलं असशील.”

“मी कुठं बघणार? माझे डोळे तुमच्या ब्रेककडे.”

दोघंही हसलो. “थांबव जरा,” ते म्हणाले. मी कडेला घेतली, तिघंही उतरलो. लेक बापाजवळ जाऊन उभी राहिली आणि त्यांनी तिच्या खांद्यावर भार दिला, बराच वेळ. कुणी सोमवारचं नाव काढलं नाही.

निघताना मी किल्ली गाडीतच ठेवली आणि बाजूला उभी राहिले. वाटलं, शेवटचं एकदा त्यांनी मागितली, तर कशी नाही म्हणू? ते लंगडत आले. उजव्या दाराशी थांबले, त्याच्या मुठीवर हात ठेवला. मग तसेच गाडीच्या पुढून वळसा घालून पलीकडे गेले, डावं दार उघडलं, गुडघा दोन्ही हातांनी आत उचलून घेतला आणि बसले.

“चल,” म्हणाले, “उजेड आहे तोवर राजूर गाठू.”