पाच गाड्यांत एकच गाणं

टेपनं कॅसेट चौथ्यांदा बाहेर थुंकली.

"ह्याला न्हाय चालायची," हमीदचाचा म्हणाले. "टेपच बदलावा लागंल. माल उद्या येईल."

"उद्या? चाचा, परण्या आज चारला हाय!" शेळगावची सुरेखा म्हणाली आणि मटकन स्टुलावर बसली.

बारामती एमआयडीसीच्या रस्त्याला चाचांचं कार डेकोरचं दुकान आहे. मी तिथं सीट कव्हर शिवायला लागले. बोटं बारीक, म्हणून टेपच्या मागं हात घालायचं कामही हळूहळू माझ्याकडं आलं. गिऱ्हाइकाशी चाचा बोलतात. मी बहुतेक वायरींशीच बोलते.

सुरेखाच्या भावाचं लग्न होतं. काड्यापेटीएवढ्या प्लेअरमध्ये तिनं घरच्या सहा बायकांच्या आवाजातली लग्नाची गाणी भरून आणली होती. परण्याला, म्हणजे नवरदेव वाजतगाजत मारुतीला निघाला की, ती वाजवायची होती. गाडी मात्र जुनी. नव्या टेपला बाहेरचं गाणं आत घ्यायला ऑक्स नावाचं भोक असतं, हिच्या टेपला ते नव्हतं. अशा वेळी आम्ही खोटी कॅसेट वापरतो. दिसते कॅसेटसारखी, पण तिची वायर प्लेअरला जोडतात. पण हा टेप ती कॅसेट आत ठेवूनच घेईना.

"मग डीजे लावा की," चाचा म्हणाले.

"डीजे मीच परत पाठिवला." सुरेखाचा आवाज बारीक झाला. "आमचं दाजी म्हणलं, बायांचं रडगाणं कोण ऐकतंय. मी म्हणलं, डीजेच नको, आमचीच गाणी वाजतील. आता परण्या मुका गेला तर गावात मला तोंड दाखवाय जागा न्हाय."

मी मशीनवरून उठले. "चाचा, मॉड्युलेटर लावून बघू?"

"बघ की. इचारतीस काय?"

मॉड्युलेटर म्हणजे बोटाएवढं रेडिओ स्टेशन. ते गाडीच्या लायटरच्या भोकात बसतं, प्लेअरमधलं गाणं हवेत सोडतं आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. दोन्हीकडं नंबर एकच ठेवायचा, एवढंच. मी बसवलं तर दिवाच लागेना. फ्यूज उडाला होता. बदलला. मग जिथं कुठलंच स्टेशन नाही, नुसती खरखर आहे, असा नंबर शोधला आणि मॉड्युलेटरलाही तोच दिला.

"मामाच्या पागोट्याला पिना लावल्या बारा, तरी पागोटं घेऊन पळाला वारा!" गाडी गायला लागली. सुरेखानं टाळी वाजवली. मी सहज शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या गाडीचा रेडिओ त्याच नंबरवर नेला. तिच्यातही मामाचं पागोटं पळालं.

सुरेखा दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभी राहून आळीपाळीनं कान देत होती. "बाई गं! आमच्या पाच गाड्या हायत. पाचीत वाजंल?"

"चिकटून चालवल्या तर," मी म्हणाले.

"मग तूच चल."

मी चाचांकडं बघितलं. वाटलं, नाही म्हणतील. चाचांनी माझ्या हातात पक्कड आणि जादा फ्यूज दिला.

शेळगावात प्रत्येक गाडीत वाकून मी रेडिओचा नंबर लावला. प्लेअर आणि मॉड्युलेटर पहिल्या गाडीत ठेवले, कारण नवरदेव तिथं. काचा खाली, आवाज फुल्ल. परण्या निघाला. पहिल्या तीन गाड्या गायल्या. चौथीत निम्मं गाणं, निम्मी खरखर. पाचवीत नुसती खरखर, आणि त्यात बसले होते दाजी.

"सुरेखा, तुझ्या बाया भजी तळतायत व्हय गं?" ते खिडकीतून ओरडले.

लोक हसले. सुरेखाचा चेहरा उतरला. मला कारण कळत होतं. मॉड्युलेटरचा आवाज चारही बाजूंना सारखाच जातो, पण फार लांब नाही. मॉड्युलेटर पुढच्या टोकाला ठेवला की पुढचा निम्मा आवाज रस्त्याला फुकट. तो मधल्या गाडीत पाहिजे होता. पण हे सांगायचं कुणाला? पुढं नवरदेवाचे चुलते तात्या काठीनं गाड्यांना वाट दाखवत चालले होते.

"तात्या, गाणं मधी घ्या!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते.

"नवरदेव सोडून? गाणं नवरदेवापाशीच असतंय, पोरी."

"नवरदेव पुढंच ऱ्हाऊ द्या. नुसतं गाणं मागं नेते. सगळ्यांस्नी ऐकू येईल."

तात्या विचारात पडले. तेवढ्यात तिसऱ्या गाडीतून, म्हणजे बायकांच्या पिकअपमधून आवाज आला, "तात्या, गाणाऱ्या हितं आन् गाणं तितं, हे कुठलं शानपण?"

तात्यांनी काठी मागं दाखवली.

मी मॉड्युलेटर उपटला आणि प्लेअरसकट पिकअपकडं पळाले. तिथला फ्यूज शाबूत होता. पाचही गाड्या एकदम गायल्या आणि रस्त्याच्या दोन्ही कडेची माणसं घराबाहेर आली.

मग मजा सुरू झाली. जी गाडी लांब जाई, तिचं गाणं तुटे. नवरदेवाची गाडी जरा पुढं सरकली की तिच्यात खरखर. "मागं घे, मागं घे!" म्हणत खुद्द नवरदेव ड्रायव्हरचा खांदा हलवत होता. बायका पिकअप मुद्दाम थांबवायच्या आणि नवरदेव रिव्हर्समध्ये त्यांच्याकडं यायचा. तात्या काठी डोक्यावर धरून नाचले. दाजींनी आपली गाडी पिकअपला इतकी चिकटवली की बंपर घासला. "ह्यात माझ्यावर गाणं न्हाय का?" ते विचारत होते. होतं. आठवं. ते त्यांनी तीनदा वाजवायला लावलं. मीही पिकअपमध्ये उभी राहून टाळ्या वाजवत होते. कधी लागले, ते मला आठवत नाही.

मारुतीला पोचायला पाऊण तास उशीर झाला. भटजी चिडले. तात्या त्यांना म्हणाले, "गाणं तुटत हुतं, काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी दाजी घासलेला बंपर दुरुस्तीला घेऊन दुकानात आले. वर एक मॉड्युलेटरही घेऊन गेले.

आता मॉड्युलेटर विकताना गिऱ्हाइकाला मीच समजावून सांगते. आधी फ्यूज बघा. मोकळा नंबर शोधा. गाड्या जास्त असतील तर यंत्र मधल्या गाडीत ठेवा. आणि मुहूर्त जवळ असेल तर गाणी थोडी कमी भरा.