बार, फ्रिजचं दार आणि हे

आमच्या ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला, तो उजवी बाजू आणि सगळं इंग्लिश घेऊन गेला. आयुष्यभर लंडनच्या ऑफिसात साहेबांशी इंग्लिशमधून भांडलेला माणूस! उरलं ते मोडकंतोडकं मराठी. पाणी. दुखतंय. अगं. बस्स.

मी त्यांना पलंगावरून खुर्चीत घ्यायची. एका सकाळी घेताना कमरेत अशी कळ आली की आम्ही दोघंही पलंगावर कोसळलो. ते रडायला लागले, मग मीही. डॉक्टर म्हणाले, मणके ठीक आहेत, स्नायू कमजोर आहेत. कौन्सिलची बाई आली, गोड बोलली. "तुम्हाला झेपत नसेल तर ह्यांना केअर होममध्ये ठेवावं लागेल. समर संपला की येऊन बघते." अहो, त्या होममध्ये हे "पाणी" म्हणाले तर कळणार कोणाला?

माझी लेक इथेच वाढलेली, जिमची वेडी. शेजारीणबाईंना ह्यांच्यापाशी बसवून ती मला हॅरोच्या लेजर सेंटरला, तिच्या जिममध्ये, घेऊन गेली. "आई, तू कमरेनं उचलतेस. मांडीच्या मागून आणि बॉटमनं उचलायचं." आधी हातात नुसती काठी दिली. मी वाकले. जन्मभर वाकत आले तशीच. सासूबाईंच्या पाया पडताना, केर काढताना वाकतो ना, तशी. गुडघे ताठ, पाठ गोल, मान खाली.

"आई, काठीला नमस्कार काय करतेस? तुझ्या पाठीचं बघ, कासव झालंय!"

"अगं, पाठ नाही वाकवली तर खाली जाऊ कशी? डोक्यावर पडू?"

"हिप्स मागे ने."

"मागे कुठे? मागे भिंत आहे!"

किती आठवडे हेच चाललं होतं. शेवटी एकदा बाकावर बसून मी ढसाढसा रडले. जिममधले ते गोंदलेले दांडगे पुरुष बिचारे दुसरीकडे बघायला लागले. लेकीला म्हटलं, "नाही गं जमत. नेऊ देत त्यांना."

त्याच संध्याकाळी दोन्ही हातांत आमटीचं गरम पातेलं आणि मागे फ्रिजचं दार उघडं. नेहमीसारखं ढुंगणानं ढकललं, आणि तशीच थांबले. गुडघे किंचित सैल, ढुंगण मागे, पाठ मात्र सरळ. पाठ वाकली असती तर आमटी सांडली असती की! अगं बये, म्हटलं, हे तर रोजच करतेय मी.

मग काठी गेली, नुसता लोखंडी बार आला, पुढे त्यावर वजनाच्या छोट्या चकत्या. पोटात श्वास धरायचा, बार मांड्यांना घासत खाली न्यायचा, मांड्यांमागे ताण आला की थांबायचं, पाय जमिनीत रोवून वर यायचं. पाठ गोल व्हायला लागली की वजन खाली. हट्ट करायचा नाही.

समर संपला, बाई आली, भिंतीला टेकून उभी राहिली. मी ह्यांच्या कमरेचा पट्टा धरला. तेवढ्यात ह्यांनी माझ्या खांद्यावर डावा हात ठेवला आणि पुटपुटले, "पडशील. जाऊ दे मला तिकडे."

कितीतरी महिन्यांनी एवढं मोठं वाक्य! आणि तेही असलं.

"काय म्हणाले?" बाईनं विचारलं.

"म्हणतात, चहा हवाय."

मनातलं फ्रिजचं दार मागे ढकललं, पोटात श्वास धरला, पाय रोवले. हे उठले, वळले, खुर्चीत बसले.

बाईनं मान हलवली. "ठीक आहे. सध्या घरीच राहू देत. मी पुन्हा येईन."

मग काय, चहा करावाच लागला. ह्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं, आणि मी बशी त्यांच्या ओठांशी धरून उभी राहिले, बाई जाईपर्यंत.