चावीवाले मुकादम

भर रस्त्यात ते गुडघ्यावर बसत, लोखंडी सळईचं एक टोक नळावर टेकवत, दुसरं कानाला लावत आणि डावा हात वर करत. तो हात वर गेला की शेजारचा केळीवालासुद्धा ओरडायचा थांबे. मग डोळे मिटून म्हणत, "थांबा. ती काय म्हणते ते ऐकू द्या." ती म्हणजे जमिनीखालची पाण्याची लाइन. गळती कुठे आहे ते त्यांना असं कानाने कळायचं.

गिरगाव-लालबागच्या जुन्या मंडळींनो, तुम्हीही त्यांना पाहिलं असणार. खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा आणि खांद्यावर रस्त्याखालचे व्हॉल्व्ह फिरवायची माणसाच्या उंचीची लोखंडी चावी. वाड्यावाड्यांना पाणी सोडणारा माणूस. पाहिलं असेल, पण थांबून बोलला नसाल. मीही बोललो नव्हतो. माटुंग्याच्या इंजिनियरिंग कॉलेजातून मला उन्हाळ्याचे दोन महिने पाणीखात्यात उमेदवारीला धाडलं, तेव्हा गाठ पडली.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीची पँट घालून, नकाशाची गुंडाळी काखेत मारून गेलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इंजिनेरसाहेब, कागद ऱ्हाऊ द्या. हे उचला."

चावी माझ्या खांद्यावर आली. तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले. चौथ्या दिवशी नेमकी मावशी समोर.

"अरे, तू इंजिनियर होणार होतास ना?" तिने मोठ्याने विचारलं.

"होतोय बाई," मुकादमच म्हणाले. "अजून कच्चा हाय."

पाण्याच्या दाबाची सूत्रं मला तोंडपाठ होती. पण कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो, कुठला किती फेऱ्यांत बंद होतो, हे पुस्तकात नव्हतं. ते मुकादमांच्या डोक्यात होतं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. एकदा कडकडीत हरताळ पडला. ट्राम बंद, दुकानं बंद. मी सुट्टी धरून गॅलरीत उभा, तर मुकादम आमच्या वाडीच्या तोंडाशी. परळहून चालत आलेले.

"आज हरताळ ना, मुकादम?"

"मोर्चाला मीबी जानार. पन मोर्चेवाले घरी येऊन तोंड कशानं धुतील?"

सहा वाड्यांचं पाणी सोडून झालं, तेव्हा त्यांनी चावी आमच्या जिन्याखाली ठेवली आणि मोर्चात शिरले. एरवी हळू बोलणारा हा माणूस घोषणा देताना अख्ख्या रस्त्याला ऐकू येत होता.

आता माझ्या पराक्रमाबद्दल. लालबागला एक लाइन दुरुस्त करायची होती. "मी पलीकडचं बघून येतो, तोवर कशाला हात लावू नका," असं सांगून मुकादम गेले. नकाशात व्हॉल्व्ह स्पष्ट दाखवला होता. मी वाट कशाला पाहू? चावी घातली आणि ऐटीत बंद केला.

अर्ध्या तासाने कोपऱ्यावरच्या प्रसूतिगृहातली नर्स धावत आली. टाकी रिकामी, नळ कोरडे आणि आत एक बाई अडलेली.

मुकादम परतले ते हे ऐकतच. आधी समोरच्या चाळीकडे तोंड करून ओरडले, "बायांनो, बाळंतिणीला पानी नाय!" बघता बघता जिन्यावरून हंडे उतरू लागले. मग त्यांनी चावी धरली आणि व्हॉल्व्ह उघडला. टाकीत पाणी चढायच्या आधीच आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. मी फुटपाथवरच बसलो.

दुपारी खात्याचे साहेब आले. "व्हॉल्व्ह कोणी बंद केला?"

मुकादम गप्प. ते मला सांभाळून घेतील, असं मला वाटलं होतं. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

"मी केला," मी म्हणालो. "यांनी नको म्हणून सांगितलं होतं."

साहेबांनी माझी उमेदवारी रद्द केली. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पहिल्यापासून. ते गेल्यावर मी चिडून म्हणालो, "मुकादम, एक शब्द तरी बोलायचात!"

"काय बोलू?" ते म्हणाले. "साहेब आले तेव्हा त्यांच्या कागदावर माझं नाव लिवलेलं होतं. चूक कुनाची का असंना, नाव आमचंच येतं. आज पहिल्यांदा कुनीतरी खोडायला लावलं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल, चहा पी." साहेब नाही, तुम्ही नाही. तेव्हापासून मी 'तू' झालो. पदवी मिळाली त्या दिवशीसुद्धा मला इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं नाही.

पुढचा उन्हाळा मी मुद्दाम त्यांच्याच हाताखाली मागून घेतला. परीक्षा आटोपून त्याच खात्यात नोकरीला लागलो, तोवर ते निवृत्त झाले होते. पेढे घेऊन परळच्या त्यांच्या चाळीत गेलो. खोलीला कुलूप. शेजारच्या म्हातारीने सांगितलं, "त्यो गावाला गेलाय, महाडाकडं. आमच्या वस्तीला गावच्या हिरीवर कदी पानी भरू दिलं नाय. म्हनला, मुंबैला तीस वर्सं पाजलं, आता घरच्यांस्नी पाजतो. हीर खनतोय."

तिने आतून एक पोस्टकार्ड आणून माझ्या हातात दिलं. "कालच आलंय. वाचून दाव."

त्यात दोनच ओळी होत्या. मी मोठ्याने वाचल्या. "अठरा हातांवर पाणी लागलं. गोड आहे."